कंपवात, खाजकुहिली आणि औषधाची मान्यता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला शास्त्र हा विषय शिकवला. फळ्यावरचे विधान वहीत उतरवून घेण्याआधी "हे कशावरून?" असे विचारण्याची मुभा त्यांच्या वर्गात असे. पुढे औषधशास्त्राचे अध्यापन हा माझा व्यवसाय झाला आणि काही वर्षे एका नैतिकता समितीवरही काम करण्याची संधी मिळाली. त्या सगळ्या काळात मी जे केले तो ह्या एका प्रश्नाचाच विस्तार होता, असे मला वाटते. म्हणूनच आज एका औषधाच्या निमित्ताने हाच प्रश्न आपल्यापुढे मांडण्याचे योजले आहे.

विषय निवडण्याचे दुसरे कारण आपल्या गावातच आहे. सुरत हे हाताच्या स्थैर्यावर पोट भरणारे शहर. हिरा घासणारा कारागीर, जरीचे काम करणारा, मागावर बसणारा विणकर, ह्या सर्वांचे भांडवल म्हणजे त्यांचे दोन हात. ह्यांपैकी एखाद्याचा हात पन्नाशी-साठीत थरथरू लागला, चाल मंदावली, अक्षर बारीक होत गेले आणि तपासणीअंती 'पार्किन्सनचा आजार' म्हणजे कंपवात असे निदान झाले, तर घरावर काय प्रसंग ओढवतो ते सांगायला नको. अशा घरांतील मंडळी मला हटकून एक प्रश्न विचारतात. "कौच्याच्या बियांच्या चूर्णाने ह्या रोगात गुण येतो, असे परदेशातही सिद्ध झाले म्हणतात. मग डॉक्टर ते का लिहून देत नाहीत? आणि सरकार त्याला रीतसर मान्यता का देत नाही?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र 'आपल्याच विद्येची उपेक्षा' किंवा 'गावठी औषधाला काय अर्थ' अशा दोन ठरीव वाक्यांत मिळणार नाही. त्यासाठी मेंदूवरचे औषध प्रयोगशाळेतून रोग्यापर्यंत कोणत्या वाटेने येते हे समजून घ्यावे लागेल. सुदैवाने ही वाट पाहण्यासाठी कौच्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. कारण त्यातल्या मुख्य द्रव्याने ही वाट पूर्ण चालून दाखवली आहे आणि त्याचे चूर्ण मात्र अर्ध्या वाटेवर थांबले आहे.

वनस्पती आणि तिच्यातले द्रव्य

गुजरातीत जिला कौचा म्हणतात ती आपली खाजकुहिली. संस्कृतात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता. शेंगेवरच्या सोनेरी कुसळांचा स्पर्श झाला की अंगाची लाही होते. बिया मात्र शोधन करून औषधात वापरल्या जातात. आयुर्वेदाने तिला वातशामक, बल्य आणि वृष्य मानले असून गुजरातेत हिवाळ्यात कौचापाक करण्याची चाल आहे.

ह्या बियांत नेमके काय आहे ह्याचा एक महत्त्वाचा शोध १९३७ साली मद्रासमध्ये लागला. दामोदरन आणि रामस्वामी ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी खाजकुहिलीच्या बियांतून 'एल-डोपा' हे द्रव्य वेगळे काढून इंग्लंडमधील 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम ह्यांनी स्वित्झर्लंडमध्ये बाकल्याच्या शेंगांतून हेच द्रव्य मिळवले होते. त्यांनी ते अडीच ग्रॅम स्वतः गिळून पाहिले, आणि त्यांना वांत्या झाल्या. त्या काळी ह्या द्रव्याचा मेंदूशी संबंध आहे अशी कल्पना कोणालाच नव्हती. औषध हाती होते, परंतु त्याचा रोग ठाऊक नव्हता. उलट रोग १८१७ पासून ठाऊक होता. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन ह्यांनी सहा रुग्णांची लक्षणे त्या वर्षी नोंदवली होती. दोहोंची गाठ पडायला आणखी बराच काळ जायचा होता.

सर्पगंधेने निजवले, डोपाने उठवले

ही गाठ घालून दिली ती दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीने. सर्पगंधेचा उपयोग उन्माद आणि रक्तदाब ह्यांवर होतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपला रुग्णानुभव मांडला तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्ल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे जागच्या जागी निश्चल झाले. त्यांचे कान खाली पडले. मग त्यांना डोपा देताच थोड्याच वेळात ते पूर्ववत हालचाल करू लागले. रेसर्पिनने मेंदूतील 'डोपामीन' हे द्रव्य रिकामे होते आणि डोपामुळे ते पुन्हा भरून निघते, असे त्यांनी पुढे दाखवले. ह्या कामासाठी त्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या एरिंगर आणि हॉर्निकीविच ह्यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात डोपामीन अत्यंत कमी आढळले. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर पट्ट्यातील पेशी डोपामीन पुरवतात. त्या झडत गेल्या की पुरवठा आटतो आणि शरीर आखडते, थरथरते.

मग सरळ डोपामीनच का देऊ नये? कारण रक्त आणि मेंदू ह्यांच्यामध्ये एक सूक्ष्म तटबंदी आहे. वैद्यक तिला रक्त-मस्तिष्क अडसर म्हणते. डोपामीन हा अडसर ओलांडू शकत नाही. डोपा ओलांडतो आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन होते. मेंदूवरची औषधे शोधणे इतर औषधांपेक्षा अवघड का, ह्याचे पहिले कारण इथे आहे. यकृतावर किंवा फुप्फुसावर काम करणाऱ्या औषधाला ही वेस लागत नाही.

गुण दिसला, तरी नऊ वर्षे

१९६१ च्या जुलैत व्हिएन्नातच बिर्कमायर ह्यांनी कंपवाताच्या रुग्णांना शिरेतून लेव्होडोपाची अल्प मात्रा दिली. अंथरुणावरून उठू न शकणारे रुग्ण काही काळ उठून चालू लागले. सभागृहातील कोणालाही वाटेल की काम फत्ते झाले. प्रत्यक्षात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, लेव्होडोपाला मान्यता दिली ती १९७० मध्ये. मधल्या नऊ वर्षांत काय चालले होते?

परिणाम काही तासच टिकत होता. तोंडाने दिल्यास मळमळ आणि वांत्या होत. काही संशोधकांना लाभ दिसला, तर काहींना मुळीच दिसला नाही. त्यामुळे ह्या उपचारात तथ्य आहे की तो केवळ भास आहे, असा वाद माजला. हा वाद मिटवला तो मात्रेच्या अभ्यासाने. न्यूयॉर्कजवळील ब्रुकहेवन येथे जॉर्ज कोत्झियास ह्यांनी १९६७ मध्ये सोळा रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्रा अगदी हळूहळू, आठवड्यामागून आठवडे वाढवत नेली तर रुग्णाला ती सोसते आणि मोठा, टिकाऊ लाभ होतो, असे त्यांना आढळले. त्या वेळी वापरलेल्या मिश्र स्वरूपाच्या डोपाने काहींच्या रक्तपेशींवर अनिष्ट परिणाम झाला. १९६९ मध्ये त्यांनी शुद्ध 'एल' स्वरूप वापरले आणि ती अडचण दूर झाली. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली. कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही. तो मेंदूबाहेरच लेव्होडोपाचे डोपामीन होऊ देत नाही, त्यामुळे थोड्या मात्रेत काम भागते आणि वांत्याही कमी होतात.

औषध तेच, रोग तोच. फरक पडला तो मात्रेने, स्वरूपाने आणि जोडद्रव्याने. 'गुण येतो' एवढ्या दोन शब्दांत ह्यांपैकी एकही गोष्ट सामावत नाही.

चाचणीचे टप्पे म्हणजे चार प्रश्न

आज नव्या औषधाची ही वाट टप्प्यांत आखलेली आहे. प्राण्यांवरील अभ्यासातून विषारीपणाचा अंदाज घेतल्यावर पहिल्या टप्प्यात थोड्या, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांना औषध दिले जाते. इथे रोग बरा होतो का हे पाहतच नाहीत. शरीराला किती सोसते आणि रक्तात ते किती काळ राहते, एवढेच पाहतात. दुसऱ्या टप्प्यात मर्यादित रुग्णांवर योग्य मात्रा शोधतात आणि लाभाची पहिली चिन्हे तपासतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो, प्रसंगी हजारो रुग्णांवर नव्या औषधाची तुलना प्रचलित उपचाराशी किंवा औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीशी, म्हणजे प्लासिबोशी, करतात. मान्यतेनंतरही चौथा टप्पा चालूच असतो. कारण काही परिणाम अनेक वर्षांनीच दिसतात. लेव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या अंगाला नकळत होणारे हेलकावे हे असेच वापर वाढल्यावर ठळकपणे पुढे आले.

विद्यार्थ्यांना मी हे टप्पे चार साध्या प्रश्नांच्या रूपाने सांगत असे. किती द्यायचे? कोणाला द्यायचे? किती काळ द्यायचे? आणि कशापेक्षा बरे? मान्यता म्हणजे ह्या चार प्रश्नांची पुराव्यासह दिलेली उत्तरे नियामकाने तपासून स्वीकारणे. त्यात औषधाची थोरवी गाण्याचा भाग नसतो.

ह्यांतला चौथा प्रश्न मेंदूच्या बाबतीत फार नाजूक आहे. कॅनडातील व्हँकुव्हर येथील संशोधकांनी २००१ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात दाखवून दिले की, कंपवाताच्या रुग्णाला औषध म्हणून निष्क्रिय द्रव्य दिले, तरी बरे वाटण्याच्या अपेक्षेनेच त्याच्या मेंदूत डोपामीन स्रवते. म्हणजे रुग्णाला वाटलेला आराम खोटा नसतो, तो त्याच्या मेंदूत घडलेला असतो. तरीही तो औषधाचा गुण नसतो. वैद्याच्या शब्दावरचा विश्वास, घरच्यांची आशा, औषधाची महती ह्या साऱ्यांचा तो परिणाम असू शकतो. म्हणून चाचणीत कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्यालाही. ह्याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. कोणाला काय द्यायचे हे सोडत काढल्याप्रमाणे ठरते, जेणेकरून बरे होण्याची शक्यता असलेले रुग्ण एकाच बाजूला जमू नयेत.

मुंबईचे काम आणि त्यापुढचे

आता पुन्हा आपल्या खाजकुहिलीकडे वळू. १९७८ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया' ह्या नियतकालिकात मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुहिलीने केलेल्या कंपवाताच्या उपचाराचा निबंध प्रसिद्ध केला. सहलेखकांत मज्जातंतुशास्त्रातील अग्रणी डॉ. नोशीर वाडिया होते. वैद्यकशास्त्र आणि वनौषधी ह्यांची अशी सांगड तेव्हा दुर्मीळ होती. पुढे मुंबईच्या झंडू कंपनीने बियांचे प्रमाणित चूर्ण तयार केले. अभ्यासात ते 'एचपी-२००' ह्या नावाने ओळखले गेले आणि बाजारात 'झंडोपा' म्हणून आले. साडेसात ग्रॅमच्या एका पुडीत सुमारे २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा असे त्याचे प्रमाण होते. प्रत्येक पुडीत किती द्रव्य आहे हे ठाऊक असणे हीच 'किती?' ह्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आहे.

ह्या चूर्णाची अनेक केंद्रांवरील चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. साठ रुग्णांना बारा आठवडे चूर्ण देण्यात आले. त्यांपैकी सव्वीस जण आधी लेव्होडोपाच्या गोळ्या घेत होते, चौतीस जणांनी ते कधीच घेतले नव्हते. लक्षणांत स्पष्ट सुधारणा झाली. त्रास झाला तो मुख्यतः पोटाचा आणि सौम्य. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. परंतु ही चाचणी खुली होती. सर्वांना चूर्णच मिळत होते आणि तसे सर्वांना माहीतही होते. वर सांगितलेल्या मेंदूच्या स्वभावामुळे, झालेल्या लाभापैकी किती चूर्णाचा आणि किती अपेक्षेचा हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही. हा त्या संशोधकांचा दोष नव्हे. दुसऱ्या टप्प्यातील अभ्यास पुष्कळदा असेच असतात. मात्र तो टप्पा म्हणजे मुक्कामाचे गाव नव्हे.

२००४ साली लंडनमध्ये त्यापुढचे पाऊल पडले. आठ रुग्णांवर दुहेरी अंध चाचणी झाली. प्रत्येकाला आठवड्याच्या अंतराने, सोडतीने ठरलेल्या क्रमाने, १५ ग्रॅम चूर्ण, ३० ग्रॅम चूर्ण आणि लेव्होडोपा-कार्बिडोपाची नेहमीची गोळी अशा एकेक मात्रा देण्यात आल्या. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सरासरी ३४.६ मिनिटांत सुरू झाला, गोळीचा ६८.५ मिनिटांत, आणि तो गोळीपेक्षा सरासरी ३७ मिनिटे अधिक टिकला. २०१७ मध्ये बोलिव्हियातील अठरा रुग्णांवरील दुहेरी अंध चाचणीतही एकेका मात्रेचा परिणाम समाधानकारक आढळला. चूर्णात खरोखर गुण आहे, तो भास नाही, हे इथे पक्के झाले. आपल्या मंडळींनी 'परदेशात सिद्ध झाले' असे जे ऐकले आहे ते ह्याच कामाविषयी, आणि तेवढे ते खरे आहे.

आता 'किती काळ?' हा तिसरा प्रश्न विचारून पाहा. एका मात्रेचा परिणाम पाहणे वेगळे आणि रोज, महिनोन्महिने घेणे वेगळे. २०१८ मध्ये त्याच संशोधकांनी चौदा रुग्णांवर सोळा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना चूर्ण सोसले त्यांना लाभ झाला. पण सात जणांना, म्हणजे निम्म्या रुग्णांना, पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाली बिघडत गेल्यामुळे ते मध्येच सोडावे लागले. आधीच्या वर्षी जे औषध गोळीच्या तोडीचे ठरले तेच दीर्घ वापरात निम्म्यांना झेपले नाही. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. माझ्या आजच्या प्रतिपादनाचे मर्म विचाराल तर ते ह्या दोन निष्कर्षांच्या मधल्या अंतरात आहे. 'लागू पडते' आणि 'विसंबून घेता येते' ह्यांत जेवढे अंतर आहे, तेवढीच मान्यतेची वाट लांब आहे.

कायद्याची दोन दारे

आपल्या देशात औषधाला बाजारात येण्यासाठी दोन वेगळी दारे आहेत, आणि बराच गोंधळ त्यातून होतो. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. तिथे परवाना राज्यस्तरावर मिळतो आणि मान्य ग्रंथांतील पाठाप्रमाणे केलेल्या औषधाला रुग्णांवरील नव्या चाचण्यांचा पुरावा द्यावा लागत नाही. दुसरे दार 'नव्या औषधा'चे. ते केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या आणि भारताच्या औषध महानियंत्रकांच्या हाती आहे, आणि तिथे वरचे चारही प्रश्न विचारले जातात. दुकानात आयुर्वेदीय चूर्ण राजरोस मिळते ह्याचा अर्थ ते पहिल्या दारातून आले. दुसऱ्या दारातील परीक्षा त्याने दिली आहे असा होत नाही. वनस्पतिजन्य औषधांसाठी ह्या दुसऱ्या दाराला २०१५ मध्ये एक नवी वाट जोडण्यात आली. वनस्पतीच्या शुद्ध व प्रमाणित अर्काला, त्यातील किमान चार घटकांची ओळख पटवून, 'फायटोफार्मास्युटिकल' म्हणून नव्या औषधाप्रमाणे मान्यता मागता येते. बियांचे अख्खे चूर्ण त्या व्याख्येत जसेच्या तसे बसत नाही. प्रमाणित अर्क तयार करून त्याचा अभ्यास केल्यास खाजकुहिलीला ही वाट मोकळी आहे.

चाचण्यांच्या नियमनालाही इतिहास आहे. १९८८ मध्ये 'शेड्यूल वाय' हे नियम आले, २००५ मध्ये ते सुधारण्यात आले. २००७ मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून नोंद अनिवार्य झाली; ही नोंदवही आज कोणाही नागरिकाला पाहता येते. चाचण्यांत सामील झालेल्या गरीब रुग्णांना अंधारात ठेवले जाते, इजा झाल्यास भरपाई मिळत नाही, अशा तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्या पार्श्वभूमीवर २०१३ मध्ये भरपाईचे आणि नैतिकता समित्यांच्या नोंदणीचे नियम कडक झाले. २०१९ च्या 'नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमावली'ने हे सारे एकत्र आणले. प्रचलित उपचार उपलब्ध असूनही तो न देता प्लासिबो दिला आणि त्यामुळे रुग्णाला इजा झाली, तर तीही भरपाईस पात्र इजा आहे, असे ती सांगते.

नैतिकता समितीवर असताना संमतिपत्रे वाचणे हे माझे काम होते. आपल्या शहरात गुजराती, मराठी, हिंदी, उडिया अशा किती भाषांत ती काढावी लागतात! एका प्रस्तावाच्या मराठी संमतिपत्रात प्रायोगिक औषधाला सर्वत्र 'उपचार' असा शब्द योजला होता. 'हा उपचार तुम्हाला दिला जाईल' असे वाचून सही करणाऱ्या मजुराला वाटणार की डॉक्टरांनी आपल्यासाठी चांगले औषध निवडले आहे. ते लागू पडते की नाही हेच अजून पाहायचे आहे, हे त्याला कळणार कसे? समितीने ते पत्र परत पाठवले आणि 'ज्याची परीक्षा अजून व्हायची आहे असे औषध' हे शब्द घालून घेतले. पत्र थोडे लांबले. परंतु भाषेची शुद्धता ही केवळ निबंधाच्या तासाची गोष्ट नसते, हे मी तिथे शिकलो.

वाट अर्धी का राहिली?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. लेव्होडोपा हे शुद्ध द्रव्य चारही प्रश्नांची उत्तरे देऊन बाहेर पडले, म्हणून डॉक्टर ते लिहून देतात. चूर्णाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी दिले आहे, चौथ्याचे थोडेफार. 'कोणाला' आणि 'किती काळ' ह्यांची उत्तरे अपुरी आहेत. आठ, अठरा, चौदा रुग्णांचे अभ्यास त्यासाठी पुरेसे नाहीत. बियांत लेव्होडोपाखेरीज आणखी काही उपकारक घटक असावेत, असा संकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला होता. तोही माणसावरील मोठ्या अभ्यासाची वाट पाहत आहे.

असा अभ्यास का होत नाही ह्याचे कारण अर्थशास्त्रात आहे. मोठ्या चाचणीला वर्षे लागतात आणि अफाट पैसा लागतो. नव्या रसायनाचे एकस्व मिळाले तर कंपनीला तो पैसा परत मिळण्याची आशा असते. कुंपणावर उगवणाऱ्या वेलीच्या बियांवर तशी मालकी कोण सांगणार? म्हणून जे सर्वांचे आहे त्याची परीक्षा घ्यायला कोणीच पुढे येत नाही. सरकारी संशोधनसंस्था, वैद्यकीय महाविद्यालये आणि लोकांचा पैसा एकत्र आल्याखेरीज ही कोंडी फुटणार नाही. आपल्या शहराने रुग्णालयांच्या इमारतींना, खाटांना आणि यंत्रांना सढळ हाताने देणग्या दिल्या आहेत. एखाद्या चांगल्या चाचणीला दिलेली देणगी ही तेवढीच रुग्णसेवा आहे, असे ह्या सभागृहातील समर्थ माजी विद्यार्थ्यांना मी नम्रपणे सुचवू इच्छितो. तिच्यावर नावाची पाटी लागत नाही, एवढाच फरक.

घरच्या माणसांसाठी

शेवटी, ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, चालू असलेल्या लेव्होडोपाच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नका. अचानक बंद केल्यास तीव्र ताप आणि शरीर ताठणे असा जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. दुसरी, चूर्ण घेत असाल किंवा घ्यायचे मनात असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. चूर्णातही लेव्होडोपाच आहे. गोळी आणि चूर्ण मिळून मात्रा नकळत दुप्पट होऊ शकते, आणि मग हेलकावे, भ्रम, रक्तदाब उतरणे असे त्रास संभवतात. तिसरी, 'नैसर्गिक' ह्या शब्दाने मात्रा कळत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खाजकुहिलीच्या सोळा उत्पादनांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका मात्रेतील लेव्होडोपा काहींत जवळजवळ नगण्य, तर काहींत २०० मिलिग्रॅमहून अधिक निघाले. घरी कांडलेल्या चूर्णाची स्थिती ह्याहून निश्चित असण्याचे कारण नाही. चौथी, लेव्होडोपा कोणत्याही रूपात घ्या, भरपूर प्रथिनांच्या जेवणाबरोबर ते नीट शोषले जात नाही. वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि एखाद्या चाचणीत सामील होण्याबद्दल विचारणा झाली, तर घाबरून नकार देऊ नका आणि भारावून होकारही देऊ नका. संमतिपत्र आपल्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. ह्या औषधाबद्दल कोणता प्रश्न अजून सुटायचा आहे, मला प्लासिबो मिळू शकतो का, माझी चालू औषधे तशीच राहतील का, इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि चाचणी संपल्यावर माझे पुढे काय, हे विचारा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि त्यामुळे नेहमीचा उपचार नाकारला जाऊ शकत नाही. आज जी गोळी कंपवाताचा रुग्ण विश्वासाने घेतो, तिच्यामागे १९६१ ते १९७० ह्या काळातील अनामिक रुग्ण आहेत. त्यांनी वांत्या सोसल्या, मात्रा वाढवून घेतल्या, स्वतःवर मोजमापे होऊ दिली. खाजकुहिलीची उरलेली वाटही अशाच माणसांच्या जाणत्या संमतीने पुरी होईल, आणि तिच्या शेवटी उत्तर 'होय' येवो की 'नाही', ते त्यांच्या ऋणातूनच मिळालेले असेल.